एका फर्म्याचे खिसे

३ सप्टेंबर

माझ्या दिराने, बबनने, आज बायकोला, शोभाला मारलं. कानाखाली, उघड्या हाताने, शेताच्या धुऱ्यावर, चार माणसांसमोर. कारण बियाण्याची पावती. "ठेवाले तुझ्यापाशी देली होती मी!" दिली नव्हती. दिराच्या सदऱ्याला वरचा एकच खिसा, तोही उथळ. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन वाकला की खिशातलं सगळं जमिनीवर. श्रावणात पाकीट असंच गेलं, त्याच्या आधी मतदानाचं कार्ड. पावती शेवटी पऱ्हाटीच्या सरीत सापडली. शोभालाच सापडली. एक हात कानावर, एका हाताने चिखल चाचपत होती.

त्याला माझ्या शिवणाच्या दुकानात बोलावलं. हे गेल्यापासून बबनला रागावणारी घरात मी एकटी. कापड मोजायची लोखंडी पट्टी मनगटावर मारली. एकदाच, पण काठाने.

"वहिनी!"

"बंडी काढ."

डाव्या काखेखाली, बंडीच्या आतून खिसा लावला. तोंड वर नाही, पुढच्या बाजूला तिरकं. झाकण, काज, बटण. आत खताच्या पिशवीचं प्लास्टिक, घामाने शाई जाते म्हणून. पावती घातली आणि त्याला ओट्यावरून उलटा लोंबकळायला लावला. सगळी गल्ली बघत होती. पावती पडली नाही.

पुन्हा शोभावर हात टाकलास तर पट्टी मनगटावर बसणार नाही, असं सांगितलं. मान हलवत "हाव" म्हणाला. त्याच्या "हाव"ची किंमत मला माहीत आहे.

६ सप्टेंबर

शेतात जाऊन आले. बीटी कपाशी म्हणून घेतलेलं बियाणं, आणि अळी बोंडात बसून जेवते आहे. बोंडंही नावालाच. पात्या, फुलायच्या कळ्या, सगळ्या खाली गळालेल्या, पायाखाली करकरतात. गावातल्या अकरा घरांनी एकाच दुकानातून एकाच लॉटचं घेतलं, अकरांचीही तीच दशा. दुकानदार म्हणतो, हे मी विकलंच नाही. त्याचं पावतीपुस्तक पावसात भिजलं म्हणे. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली पावती सोडली तर पुरावा नाही.

बियाण्याच्या तक्रारी ऐकायला तालुक्याची समिती ६ ऑक्टोबरला मोताळ्याला बसणार. मूळ पावती मागतात, लॉट नंबर वाचता यायला हवा. झेरॉक्स चालत नाही. त्या लॉटची एक जरी पावती पुढे आली तरी सगळ्यांची शेतं बघायला येतील. एकही नसेल तर कोणाचंच नाही.

ब. उलटा लटकलेला गावाने पाहिला. आता सगळ्यांना तसाच खिसा हवा.

९ सप्टेंबर

पुठ्ठ्याचा फर्मा कापला. खडूने आखायचं, कापायचं, दुहेरी टीप, पुढचा. दिवसात सात बंड्या झाल्या. सायराबीने काजं केली. बारा वर्षं माझ्यासमोरच्या मशीनवर बसते, अजून तिचं काज माझ्यापेक्षा चांगलं.

"ताई, तुमी त शाळेचे डिरेस शिवून राह्यल्या. सारे एकासारखे एक."

वेळ वाचतो, म्हटलं. फर्मा असताना हाताने मापं काढत बसणारे शिंपी उपाशी मरतात.

१५ सप्टेंबर

अकरा घरांतल्या नामदेवला बाजारात मारलं. साठीचा माणूस. गुरांच्या बाजारामागे, दिवसाढवळ्या, चौघांनी. आधी सदऱ्याचा खिसा फाडला, मग पायजम्याचे, मग लाथा. बरगडीवर लाथ बसली तेव्हा आत कागद वाजला. मीच घातलेलं प्लास्टिक. ब्लेडने बंडी कापली, बंडीबरोबर कातडीही. बोटभर लांब.

पावती गेली. दुकानदाराची माणसं, दुसरं कोण.

बंडी आणून दिली त्याने. "पाह्य बरं काकू, पुन्हा शिवता येते का." रक्ताने कडक झालेली. खिसा चारी बाजूंनी नीट कापून नेलेला, जणू शिंप्याने उसवला.

टाके डॉक्टरांनी घातले आहेत, सात. फार लांब लांब घातलेत.

१८ सप्टेंबर

आणखी दोघांच्या गेल्या. पांडुरंगची धामणगावच्या फाट्यावर, त्याच्या भावाची पिठाच्या गिरणीत, लोकांसमोर. पांडुरंगला विचारलं, तुला किती मारलं?

"मारलंच नाई काकू. डावा हात वर कर म्हणे, बस."

डावा हात वर कर.

मी खुर्चीवर बसले. सा.ने पाणी दिलं. डिरेसची आठवण तिने करून दिली नाही. त्याबद्दल तिचे उपकार.

नामदेवचा खिसा त्यांनी कापून नेला तो पावतीसाठी नव्हताच. पावती तर हातात आली होती. तो माझा नमुना होता. आता गावातल्या कोणाच्या अंगावर कागद कुठे आहे, हे त्यांना न विचारता कळतं. मी लिहून दिल्यासारखं.

फर्मा चुलीत घातला.

२० सप्टेंबर

उरलेल्या सगळ्यांच्या बंड्या परत मागवल्या, पायजमेही. प्रत्येकाचा खिसा वेगळा. एकाचा नेफ्यात, एकाचा गुडघ्यामागे... कोणाचा कुठे ते लिहिणार नाही. या वहीतसुद्धा नाही.

ब. हसतो. "वहिनी, तुमचे खिसे पाह्यता पाह्यता मानूस नागडा होईन." हसताना आवाज चिरकला. घाबरला आहे. घाबरलेला बबन मला रागावलेल्या बबनपेक्षा जास्त नको असतो.

२४ सप्टेंबर

दुपारी दुकानदाराचा भाचा आला. लाल जीपवाला. दोघांना दारात उभं केलं, स्वतः आत.

"म्हातारे, खिसे लय भारी शिवतेस म्हणे. कोणाचा कुठं शिवला, सांग मले बी."

शिंप्याकडे माप द्यायचं असतं, मागायचं नसतं, म्हटलं.

त्याने सायराचा हात धरला, मशीनच्या सुईखाली दाबला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. एकदाच. सुई नखातून आरपार. सायरा ओरडली नाही, फक्त श्वास आत ओढला. "आता सांग." दुसऱ्यांदा फिरवायला त्याने पंजा चाकावर ठेवला. माझ्या हातात कापायची मोठी कात्री होती.

पंज्याच्या पाठीतून आत गेली ती चाकाला लागून थांबली. बाहेर काढायला जोर लागला. मांजरपाटाचं अख्खं ठाण खराब झालं.

दारातले दोघे पळाले आधी. मग हा. जाताना म्हणाला, "तुले नाई मारत. तुह्यासमोर बाकीच्यायले मारतो."

सायराच्या बोटातली सुई मी पकडीने काढली. ती म्हणाली, "ताई, आता काजं तुमीच करा." आणि मग रडली.

कात्री खुपसल्याचा पस्तावा नाही मला. तेव्हा नाही, आत्ताही नाही. याचं मला बरं वाटायला हवं की वाईट, ठरवता येत नाही.

२५ सप्टेंबर

ठाण्यात गेले, सायराला घेऊन. जमादाराने लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीत सुईची कात्री झाली. कागद ओढून घेतला आणि स्वतः लिहिलं, कात्री माझी होती हेसुद्धा. बुलढाण्याला केलेली बी.ए. तेवढी कामी आली. त्याने घेतलं, शिक्का मारला. बघू म्हणाला.

२८ सप्टेंबर

नामदेवच्या शेजाऱ्याच्या बैलाची मागच्या पायाची नस तोडली. विळ्याने. सकाळी बैल उठेना. उठायचा, मागून बसायचा, पुन्हा उठायचा. मी पाहिलं. दहा वर्षांचा देखणा पांढरा बैल. मालक त्याच्यासमोर उकिडवा बसून त्याला "बस बे, बस आता" म्हणत होता.

संध्याकाळपर्यंत बबन सोडून सगळ्यांनी पावत्या नेऊन दिल्या. स्वतःच्या हाताने, बियाण्याच्या दुकानात. एकेक जण येऊन मला सांगून गेला. "लेकरंबाळं आहेत काकू." बैल पाहिल्यावर काय बोलणार.

आता त्या लॉटची एकच पावती उरली. बबनची.

३० सप्टेंबर

ब.ही द्यायला निघाला होता. बंडीत हात घातला तर खिसा रिकामा. धुवायला टाकताना शोभाने पावती काढून घेतली होती.

मारलं तिला. या वेळी हाताने नाही, पंपाच्या दांड्याने. मी पोचले तोवर डाव्या हाताची दोन बोटं सुजून केळ्यासारखी. "कुठं हाये सांग!" ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. एका हाताने.

मी पट्टी नेली होती. बोलले तसं केलं. भुवई फुटली त्याची. खाली बसला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "वहिनी, माह्या बैलाले मारतीन ते."

बायकोला मारतोस ते? म्हटलं.

तळहाताने रक्त पुसत उठला.

तो बाहेर गेल्यावर शोभाने अंबाडा सोडला. पावती त्यात. चार घड्या, प्लास्टिकसकट. लॉट नंबर लख्ख.

१ ऑक्टोबर

शोभा दुकानात आली. बोटांना फडकं बांधलेलं.

"बाई, मले खिसा शिवून द्या. परकराले."

"कशाला?"

"बाप्यायचे कपडे झाडतीन ते. परकर कोन झाडते?"

चाळीस वर्षं खिसे शिवते. बाईच्या कपड्याला आजवर कोणी मागितला नव्हता, आणि मलाही कधी सुचलं नाही. आपण कनवटीला लावतो, पदरात बांधतो, पोलक्यात खुपसतो. जे खाली पडतं ते आपल्या हलगर्जीपणाने पडतं, असं ऐकत मोठ्या होतो.

तिला स्पष्ट सांगितलं, हे लोक बाई बघून थांबणारे नाहीत. सायराचं बोट बघ.

"मार त घरी बी खाऊनच राह्यली. बाहेरचा काय येगळा लागते?"

३ ऑक्टोबर

फर्मा पुन्हा कापला. मुद्दाम.

या वेळी सगळे एकसारखेच. एकच जागा, एकच माप, एकच टीप. सहा परकर: शोभा, नामदेवची बायको, पांडुरंगची आई, बैलवाल्याची बायको, सायरा, मी. प्रत्येकीत चार घड्यांचा कागद, प्लास्टिकसकट. पाच रद्दी, एक खरी. खरी कोणाकडे ते शोभाला आणि मला माहीत. एकीचा खिसा त्यांना सापडला तर सहाही जागा कळतील, कळू देत. पाचदा त्यांच्या हाती जुनं पंचांग लागेल, आणि तेवढ्यात आम्ही मोताळ्यात असू.

चौघींना समोर बसवून सांगितलं: तुमच्या खिशात रद्दी असणार आहे आणि कदाचित त्या रद्दीसाठी मार खावा लागेल. ज्यांना नको त्यांनी आत्ता उठावं. शोभा बाजूला बसून फडक्याची गाठ घट्ट करत होती.

पांडुरंगच्या आईने पान जुळवत विचारलं, "परकर मंग आमालेच ठेवाचा ना?"

कोणी उठलं नाही.

ठाण्यात आणि समितीच्या कार्यालयात लेखी कळवलं आहे की आम्ही येतो. पोच घेतली. ज्या तिघा पुरुषांना सोबत चला म्हणून विचारणार होते, ते सगळे आता घरात बसून आहेत. बबन तर दोन दिवस घरातही नाही. गोठ्यात असतो. काल कुऱ्हाडीला धार लावत होता, सरपण नसताना.

५ ऑक्टोबर

बटणं काढून टाकली. बटण म्हणजे कोणालाही उघडता येतं. खिशाचं तोंड शिवून टाकलं, बारीक टिपेने. उसवल्याशिवाय निघणार नाही. उसवायची कात्री समितीच्या टेबलावर मीच बाहेर काढीन.

सा.ने उजव्या हाताचं बोट वर धरून डाव्या हाताने धागा ओवला. तीन वेळा चुकला. चौथ्यांदा ओवल्यावर "या अल्ला, हे बी शिकली मी" म्हणून हसली.

शोभाचा परकर मी तिच्या अंगावरच शिवला. सुई एकदा मांडीला लागली. हूं की चूं नाही.

"दुखलं?"

"कायचं, बाई."

तिला म्हटलं, उद्या मोताळ्याहून परत घरी जायचं नसेल तर माझ्याकडे ये, राहा. परकर सारखा करत तिने माझ्याकडे बघितलं.

६ ऑक्टोबर, सकाळी

मोताळ्याची गाडी सव्वानऊची. स्टॉप दुकानासमोरच, तोवर लिहिते. नऊ वाजून पाच.

लाल जीप आठपासून चौकात. आत पाच जण. भाचा पुढे, उजव्या पंज्याला पांढरी पट्टी. माझ्याकडे बघून ती वर केली, नमस्कारासारखी. ठाण्यातून कोणी आलेलं दिसत नाही.

चौघी आल्या. पायरीवर बसल्यात. पांडुरंगच्या आईने नवं लुगडं नेसलं आहे, लग्नाला निघाल्यासारखं. नामदेवची बायको सारखा डावा हात मांडीवर नेते. दोनदा हात काढायला लावला. हात जिथे जातो तिथे नजर जाते.

शोभा नाही.

नऊ दहा. गाडीचा आवाज खालच्या वळणावर. जीपमधले दोघे उतरले, स्टॉपकडे येत आहेत, सावकाश.

शोभा दिसली. गल्लीच्या तोंडाशी. पदर डोक्यावरून, चालते आहे नेहमीसारखी, धावत नाही. चेहऱ्यावर नवीन काही नाही, इथून तरी. तिच्या मागे दहा पावलांवर बबन. अंगात फक्त बंडी, भुवईवर माझी खूण, हातात कुऱ्हाड.

तिने मागे वळून पाहिलं. थांबली नाही.

कुऱ्हाड त्याने कोणासाठी आणली, ते इथून कळत नाही. जीपमधले उरलेलेही उतरले.

कात्री घेतली. निघते.