अधिक-उण्यातला ठिपका

भिवपुरी,
१२ ऑगस्ट १९८७

प्रिय मालन,

माझ्या टेबलावर धूळ बसलीय आणि नव्या चिपा आल्यात, हे एकाच वाक्यात लिहून मोकळी झालीस, दुष्ट कुठली! त्या चिपांवरचा एकेक ठिपका मी आखलाय. त्या चालतात की नाही हे दुसरंच कुणी पाहणार, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

टाइप करता करता तू विचारायचीस, एवढ्याशा ठिपक्यात काय गं कोरत बसतेस? तर ऐक. पडद्यावरचं चित्र अशा हजारो ठिपक्यांचं बनतं. वर द्रव स्फटिकाचा पातळ थर, खाली प्रत्येक ठिपक्याला एक ट्रान्झिस्टर नि एक कपॅसिटर. ट्रान्झिस्टर दार उघडून विजेचा भार आत सोडतो नि दार लावून घेतो. पुढची पाळी येईपर्यंत कपॅसिटरनं तो धरून ठेवायचा, त्यावर ठिपक्यातून किती उजेड जाणार ते ठरतं. आणि दर पाळीला भार उलटा द्यायचा, एकदा अधिक, एकदा उणे. नाहीतर थर खराब होतो, जुनं चित्र तसंच चिकटून बसतं.

आमच्या घरात हेच चाललंय. बाबा जिन्यावरून पडले त्याला सात महिने झाले. सकाळी म्हणतात, "विशे, जा गं कामावर, माजं मी बगतो." संध्याकाळी विचारतात, "उद्या हायस ना गं?" अधिक आणि उणे, बेरीज शून्य, मी जागच्या जागी. आई नाही, भावंड नाही. शेजारच्या चंद्रभागामावशी मदतीला येतात, तर "विशी हाय ना" म्हणून त्यांना परत पाठवतात. राग येतो, मग त्या रागाचीच लाज वाटते. या दोन खोल्यांत मी गुदमरतेय, मालन.

आता खरं ते लिहिते. काल मी राजीनामा लिहिला. बाबांना वाचता येऊ नये म्हणून इंग्रजीत. पाकिटावर मराठीत लिहिलेला ऑफिसचा पत्ता पाहून त्यांना वाटलं, कामावर येते असं कळवलंय. पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि काठी टेकत, सात महिन्यांत पहिल्यांदा, स्टेशनजवळच्या टपालपेटीपर्यंत स्वतः गेले. घामानं भिजून परतले ते अंगणातूनच मावशींना ओरडून सांगत, "माजी पोर चालली गं कामावर!" ऑफिसचं टपाल तूच फोडतेस. रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्या गजाच्या हाती हे पत्र देतेय, पाकिटाआधी पोचावं म्हणून. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की ते साहेबांकडे नेऊ नकोस, फाडून टाक. सोमवारी मी येते.

तुझीच,
विशाखा