पाळण्याची कडी

अलेप्पी, केरळ
जानेवारी १९९८

सौ. सुकन्येला,
बाळापूरपर्यंत पुरतील तेवढे आशीर्वाद.

मी मजेत हाये, काळजी करू नको. कालव्यातून भात वाहणाऱ्या जुन्या होड्यांची आमी राहायची घरं करून राहिलो. पलंग, खिडक्या, मोरी, समदं होडीतच!

परवा एका खोलीचं सुतारकाम झालं, तसं मी आपल्याकडल्यावाणी वरच्या लाकडाला पाळण्याची कडी बसवली. मालक हसले. म्हणाले, इथं पाहुणे दोन रोज राहून जातेत, पाळणा कोण बांधतं? मी कडी काढली.

तुझे पाय अजून सुजतेत का? हंडा उचलू नको. आईला जवळच निजायला सांग.

आणि आपल्या आढ्याला नवी कडी बसवू नका म्हणावं बाबांला. ही माझ्या खिशात हाये. लेकराच्या आधी मी पोचतो.

तुझाच,
प्रभू