डोळ्यातला कण आणि काळजातली रेघ

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहायला बसले. कारण काल माझा रिपोर्ट आला. हृदयाच्या एमआरआयचा. हो, तोच, जो तुमचा राहून गेला!

दोन महिन्यांपासून जिना चढताना मला धाप लागायची. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का? मी तुमचं सांगितलं. ते म्हणाले, हृदयाच्या स्नायूचे काही आजार आईवडलांकडून मुलांकडे येतात, आतून बघायला हवं. घरी येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न: तुम्हाला ज्यानं नेलं ते माझ्यातही आहे का?

मग तोच फॉर्म हातात आला. ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?’

आठवतं ना? तीस वर्षं तुम्ही वाळूजच्या कारखान्यात लेथ मशीनवर काढलेली. तुमच्या तपासणीच्या वेळी टेक्निशियन बाईंनी हे विचारलं आणि तुम्ही ऐटीत म्हणालात, “व्हय की! लई बार. आमचा दोस्त चुंबक फिरवून काढायचा.” झालं! आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून आणा, म्हणाल्या. रिक्षात मी तुम्हाला किती बोलले. नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही बाहेर बघत म्हणालात, “खोटं माप दिलं की मशीनवरचा जॉब रिजेक्ट होतो, बाई.” एक्स-रेला शनिवारी जायचं ठरलं होतं. तुम्ही गुरुवारीच गेलात.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट मला टोचत राहते. तुम्ही त्या बाईंना विचारत होतात, “सुईतून औषध कायचं सोडता? त्यानं दिसतं काय?” मी कोपरानं ढोसून तुम्हाला गप केलं. त्या कामात आहेत, असं म्हणाले. खरं सांगू? मला तुमची लाज वाटली होती. त्या बाईंना नाही, मलाच घाई होती.

या वेळी पेन माझ्या हातात होतं. मी दहा वर्षांची असताना तुमचा डबा घेऊन कारखान्यात आले होते, ग्राइंडरची ठिणगी उडाली आणि माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. तुम्ही पापणी उलटी करून रुमालाच्या टोकानं ते काढलंत. हे आता कुणाला माहीत? ‘नाही’ लिहिलं तर काम त्याच दिवशी उरकणार होतं. तुमचं ते खोट्या मापाचं वाक्य आठवलं. मग ‘हो’ लिहिलं.

एक्स-रे स्वच्छ आला. मी त्याच टेक्निशियन बाईंना विचारलं, खरंच कण असता तर? त्या म्हणाल्या, “मशीनमधल्या मोठ्या चुंबकानं हलला असता, डोळाच गेला असता. बरं केलं सांगितलंत.” अण्णा, त्या क्षणी मला त्या रिक्षात परत जाऊन बसावंसं वाटलं!

मग तुमचा प्रश्नही विचारून टाकला. त्या सुई लावता लावता सांगू लागल्या. औषध रक्तातून हृदयाच्या स्नायूत जातं. धड स्नायूतून ते थोड्या वेळात निघून जातं, पण जिथं व्रण असतो तिथं अडकून राहतं आणि फोटोत ती जागा पांढरी दिसते.

अहो, ही तर तुमची क्रॅक टेस्ट! शाफ्टला, त्या लोखंडी दांड्याला, लाल रंग लावायचा, पुसून काढायचा, वर पांढरा फवारा मारायचा. तडा असेल तिथला रंग आपोआप वर येतो. तुम्ही मला किती वेळा दाखवलं होतं! त्या बाईंनी तुम्हाला एक वाक्य सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना दहा सांगितली असती.

मशीनच्या आत केवढा आवाज, अण्णा! ठकठक, घर्रर्र. कानावर हेडफोन, त्यातून हुकूम: श्वास घ्या, सोडा, थांबा. तुम्ही असता तर नक्की म्हणाला असता, “याचं बेरिंग गेलंय.” हे सुचलं आणि मला हसू फुटलं. एक फोटो पुन्हा काढावा लागला. मी बोलणी खाल्ली.

काल डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. मिटत होतं, उघडत होतं. रक्त ढकलायची ताकद चांगली आहे म्हणे. पण एका बाजूची भिंत जाड झालीय आणि तिच्यात एक बारीक पांढरी रेघ आहे. म्हणजे तो स्नायूचा आजार माझ्यात आहे, अण्णा. मला भीती वाटली आणि तरीही मी पडद्याजवळ जाऊन ती रेघ बघत राहिले. गोळ्या सुरू झाल्या, दर वर्षी तपासणी. तुमचाही आजार हाच होता का? तेव्हा तपासणी झाली असती तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, बघायलाच मिळालं नाही, कसं सांगू? हे उत्तर घेऊनच मला आता राहायचंय.

पण त्रास सुरू झाला तेव्हाच तुम्ही काही का सांगितलं नाहीत? मशीनचा जरा आवाज बदलला तरी काम थांबवणारे तुम्ही, स्वतःची धडधड मात्र तशीच चालू ठेवलीत!

आता माझ्या मुक्ताची, तुमच्या नातीची, तपासणी करायचीय. बारा वर्षांची आहे, प्रश्नांच्या बाबतीत थेट तुमच्यावर गेलीय. कालपासून विचारतेय, चुंबकाला हृदय दिसतं कसं? म्हटलं, हे त्या बाईंनाच विचार. सोमवारी तिला घेऊन जाईन. तिथं तिला काय विचारायचं ते विचारू दे, मागं कितीही रांग असू दे. अण्णा, शब्द देते, माझं कोपर हलणार नाही.

तुमची,
सुनंदा