लाल म्हणजे धावा

३ नोव्हेंबर
थोरल्या भावाला, लोटूदादाला, दवाखान्यातून नवागामला आमच्या खोलीवर आणलं. सुताच्या धुळीने त्याची फुप्फुसं गेली. सोबत श्वासाचं मशीन. मशीनवाल्याने अलार्म समजावले, आवाजही होतो आणि दिवाही लागतो. लाल लुकलुकला तर धावा, पिवळा लुकलुकला तर लवकर बघा, पिवळा नुसता पेटून राहिला तर सावकाश. बायकोने, रंजनाने, पाठ केलं. मी मान डोलावली. कापडाच्या लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला मशीन कोण शिकवणार?

५ नोव्हेंबर
जेठासमोर, म्हणजे दादासमोर, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी बायको आता पदर सावरत पळते. मी आतून दोन हाका मारल्या. उत्तर नाही. दादाकडे मात्र धाव. हेवा वगैरे नाही. फक्त नोंद.

८ नोव्हेंबर
आज रविवार, सुट्टी. दादाच्या शेजारीच बसलो होतो. मशीन माझ्या पाठीमागे, गप्प. तरी रंजना कणीक टाकून धावत आली. म्हणे पिवळा वाजला. काहीही वाजलं नव्हतं! दादाने खुणावलं असणार. आईसुद्धा आधी त्याच्याच हाकेला उठायची.
रुसून जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

९ नोव्हेंबर
घरातले नंबर असे: दादा लाल. गॅसवरचं दूध पिवळं. माझा बहुतेक प्लगच काढलाय.

११ नोव्हेंबर, सकाळ
प्लॅन. रंजनाला बहिणीकडे कामरेजला पाठवलं. आज खाडा करून दादाला एकटा सांभाळणार. किती अलार्म खरे, ते कळेलच. निघताना ती दाराबाहेरून काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, नीट जा.

संध्याकाळ
मशीनकडे मुद्दाम पाठ करून पेपर वाचत बसलो. कान होतेच की. एकही अलार्म नाही. सिद्ध झालं. रंजनाला ऐकवायची वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात शेजारची शांताबाई पिठाच्या हातांनी आत घुसली. ओरडली, बहिरा व्हयना का रे, मशीन कवयनं बोंबली ऱ्हायनं!
मागे वळलो. लाल दिवा. मास्कची नळी निघालेली. दादाचे ओठ निळे, हात माझ्या पाठीकडे हलतोय. शांताबाईने नळी बसवली. दादा वाचला. मी घाबरलो, खूप घाबरलो.

१२ नोव्हेंबर
दादाने मशीन स्वतःच्या उशाशी ओढून घेतलं. ते जास्त लागलं. त्या मशीनचा आवाजच बारीक आहे.

१४ नोव्हेंबर
रंजनाने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. लूमच्या खडखडाटाने बारीक आवाज ऐकू येणं गेलं म्हणे. कारखान्यात आम्ही सगळे ओठ बघूनच बोलतो, त्यामुळे कळलं नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, घरी मला सगळं ऐकू येतं. त्यांनी रंजनाला विचारलं.
ती माझ्यासमोर येऊन बसली, ओठ दिसतील अशी. म्हणाली, तुमच्या प्रत्येक हाकेला ओ देते. त्या रविवारी गॅसपासून तीनदा विचारलं, जेवता का. तुम्ही बोलला नाहीत, मला वाटलं माझ्यावर राग आहे.
त्या दिवशी तीही उपाशीच झोपली होती.