गालापासून सरळ

दि. ४ मार्च

चि. ढबूस अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील. आम्ही दोघंही बरे आहोत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. गॅलरीचं दार आता नीट लागतं, सुताराने वरून घासून दिलं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने मांजर पाळलंय. ते खातं तिच्याकडे आणि झोपतं आपल्या पायपुसण्यावर.

सहा वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. अक्षर बारीक वाटेल. पेन नवीन आहे, हात बसायचा आहे.

खरी बातमी अशी, की मी ठोसे मारायला शिकतोय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. हो, तुझ्याच बाईंकडे. टायरच्या दुकानावरचा तोच हॉल, तोच लोखंडी जिना, तोच रबराचा वास. हा वास तू कपड्यांतून घरी आणायचीस आणि मी जेवताना नाक मुरडायचो. तू त्यांना खडूबाई म्हणायचीस, तेव्हा मला वाटायचं कुणी शाळामास्तरीण असतील. मी गेलो तेव्हा त्या एका शिवणयंत्राचं पोट उघडून बसल्या होत्या. पोटापाण्याला अजून तेच करतात. मी तुझं नाव सांगितलं. म्हटलं, मी तिचा बाप. त्यांनी हात पुसले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “अठरा वर्षं उशीर झालाय. चपला बाहेर काढा.”

सकाळच्या तुकडीत नऊ शाळकरी मुली आणि मी. मुली मला आजोबा म्हणतात. बाई ‘अहो बाबा’ म्हणतात, कारण तुझ्या तोंडून त्यांनी तेवढंच ऐकलंय.

पहिले नऊ दिवस मी फक्त उभा होतो. त्रेसष्ट वर्षं उभा राहत आलोय, त्यात काय शिकायचं, असं मला वाटलं. खडूबाईंनी जमिनीवर खडूने दोन पावलं काढली. डावं पुढे, उजवं मागे आणि थोडं बाजूला, दोन्हींच्या मध्ये खांद्याएवढी जागा. “यात उभे राहा.” मी राहिलो. त्यांनी एका बोटाने माझ्या छातीवर ढकललं आणि मी दोन पावलं मागे गेलो. एका बोटाने! मुली फिदीफिदी हसल्या. “अहो बाबा, पाय देवाने नुसते चपला घालायला दिले नाहीत,” बाई म्हणाल्या. मागच्या पायाची टाच किंचित उचला, गुडघे सैल सोडा, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाशी. दहाव्या दिवशी त्यांनी पुन्हा बोट लावलं आणि मी हललो नाही. घरी येऊन आईला ही बातमी मी अशी सांगितली, की तिला वाटलं लॉटरीच लागली.

मग मूठ. मला वाटायचं अंगठा आत दाबून धरला की मूठ घट्ट. बाई म्हणाल्या, “असं मारलंत तर अंगठा तुमचा आणि प्लॅस्टरही तुमचं.” अंगठा बाहेर, बोटांवर. मनगट सरळ. लागायचं ते पहिल्या दोन बोटांच्या गाठींनी. मी आपला म्हणालो, “झाकली मूठ सव्वा लाखाची!” त्या म्हणाल्या, “इथे ती उघडकीलाच आणायची असते. मारा.”

तुला हे सगळं पाठ आहे. तरी लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

पत्राचं उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही.

तुझा,
बाबा


दि. २२ एप्रिल

चि. ढबूस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द. “कोपर आत ठेवा.” वर नमस्कार नाही, खाली सही नाही. मी ते शर्टाच्या खिशात घालून हॉलवर नेलं आणि खडूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “न बघताच ओळखलंन पोरीने.” लगेच मला भिंतीशी उभं केलं.

उजवा खांदा भिंतीपासून चार बोटांवर. आता मूठ गालापासून काढायची, सरळ पुढे न्यायची, शेवटच्या क्षणी वळवायची आणि आली त्याच वाटेने परत गालाशी. कोपर जरा बाहेर पडलं की भिंतीला घासतं. बाई म्हणतात, कोपर बाहेर पडलं म्हणजे ठोसा निघण्याआधीच समोरच्याला निरोप गेला. माझे सगळे ठोसे असे वर्दी देऊन निघतात.

त्या दिवशी घरी परतताना आपल्या जिन्यात मी थांबलो. दुसऱ्या वळणावरच्या भिंतीवर, साधारण तुझ्या कोपराच्या उंचीवर, रंग कायम घासलेला असायचा. तीन वेळा मी तो रंगवला. तीनदा तुला विचारलं, “भिंतीला काय खाज सुटते का गं?” उत्तर बाईंनी आता दिलं. शाळेआधी रोज पाचशे, जिन्यात, कारण घरात जागा नव्हती आणि घरात मी होतो. पाचशे, ढबू! माझे चाळीस होतात आणि खांदा पेटतो. मला वाटायचं तुझ्या अंगात रग आहे, म्हणून तू मारतेस. रग असलेला माणूस दहा मारेल. पाचशे मारायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते माझ्याच घराबाहेर जिन्यावर उभं होतं.

आणखी एक कळलं. ठोसा हाताचा नसतोच. मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कमरेतून वळतो, हात आपला शेवटी पोचवायला. पहिल्यांदा तसा लागला तेव्हा छताला टांगलेल्या पिशवीतून आवाज आला, आणि मी मागे वळून बघितलं की कुणी मारला! आता संध्याकाळी तुझी आई सोफ्यावरची उशी धरते आणि मी मारतो. ती डोळे मिटून घेते आणि ओरडते, “परत आणा! हात परत आणा!” ती कुठे शिकली कोण जाणे. मारलेला हात मी तिथेच सोडून देतो, हा माझा मोठा दोष. बाई म्हणतात, मारणं अर्धं काम आणि परत येणं अर्धं.

परवा त्यांनी विचारलं, “तुम्ही इथे का येता, ते मुलीला लिहिलंत?” मी म्हटलं, व्यायाम म्हणून. त्या म्हणाल्या, “अहो बाबा, मी अडतीस वर्षं माणसांचे हात बघतेय.”

तर ऐक. पेन नवीन नाही. मला कंपवात आहे. गेल्या वर्षी कळलं. एका बाईंची कवळी करत होतो. मेणात दात बसवताना उजवा हात थरथरायला लागला. डाव्याने धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. चार महिन्यांपूर्वी कामाची खोली बंद केली. साचे, दिवा, घासायचं चाक, सगळं माझ्याकडे शिकलेल्या बाईला देऊन टाकलं. चौतीस वर्षं लोकांची तोंडं भरून दिली, आणि आता शर्टाचं वरचं बटण आई लावते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हालचाली मोठ्या करा, हात लांब फेका, ठोसे मारायला शिकलात तर उत्तमच. त्यांनी दुसऱ्या एका क्लासचा पत्ता दिला होता. तो मी फाडला आणि टायरच्या दुकानाचा जिना चढलो.

आईला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. तिच्यावर रागवू नकोस. दया आली म्हणून तू यावंस हे मला नको होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या तुझ्या त्या स्पर्धेबद्दल मी काही लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलंय.

तुझा,
बाबा


दि. ९ जून

चि. ढबू,

आशीर्वाद. तुझी गाडी वेळेवर पोचल्याचं आईकडून कळलं. तू तीन दिवस होतीस. तीन दिवसांत आपण पंखा दुरुस्त केला, मांजराला नाव ठेवण्यावरून भांडलो, माझ्या औषधांचं वेळापत्रक तू फ्रिजवर चिकटवलंस. बोलायचं ते राहिलंच. तू स्टेशनच्या पुलावर थांबून माझ्याकडे बघितलंस, आणि मी तुझ्या बॅगेचा पट्टा नीट करत बसलो. म्हणून लिहितोय.

आधी ते, जे लिहायला सोपं आहे.

शनिवारी खडूबाईंनी तुला म्हटलं, “ह्या पोरींना एक सरळ ठोसा दाखव. एकच.” मी खिडकीशी बसलो होतो. तू बूटही घातले नव्हतेस. तू पिशवीसमोर उभी राहिलीस आणि मला वाटलं आता काहीतरी दिसेल. पण काहीच दिसलं नाही. खांदा हलला नाही, चेहरा बदलला नाही. मूठ गालाशी होती आणि मूठ गालाशीच होती, मधे फक्त आवाज झाला आणि पिशवीची साखळी वाजत राहिली. मला माझ्या धंद्यातलं चांगलं काम ओळखता येतं. उत्तम दात तो, जो बसवल्याचं कळत नाही. तसं होतं ते. बारा वर्षं तू हे करत होतीस आणि मी एकदाही बघायला आलो नव्हतो. माझे डोळे भरले ते औषधामुळे नव्हते. तू विचारलंस तेव्हा मी औषधाचं नाव घेतलं.

मग तू माझ्यासाठी हातांवर पॅड चढवलेस. माझा हात निघेना. कधीकधी असं अडकतं, पण त्या दिवशी कारण आजाराचं नव्हतं. तू म्हणालीस, “बाबा, मारा. मला काही होत नाही.” तरी निघेना. तू जवळ आलीस, हळू म्हणालीस, “पायातून काढा.” आणि मी मारला. तुझा हात मागे गेला. थोडासाच, पण गेला. “हां!” तू म्हणालीस. शाबासकी देताना तू हुबेहूब तुझ्या बाईंसारखी दिसतेस. माझ्यासारखी नाही, आणि ते बरंच आहे.

आता दुसरं.

त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी तू माझ्याकडे माउथगार्ड, दातांवरचं कवच, मागितलं होतंस. मी म्हणालो, वेळ नाही. ते खोटं होतं एवढं तुला तेव्हाही कळलं असेल. पण पूर्ण खरं तुला माहीत नाही. मी ते बनवलं होतं. तुझ्या दातांचा साचा माझ्याकडे होताच. दोन दुपारी बसून केलं. कडा इतक्या नेमक्या, की जबड्याला चिकटून बसलं असतं. आणि मी ते कपाटात ठेवून दिलं.

मी रोज फुटकी तोंडं बघणारा माणूस. मला भीती वाटायची. मी हिशेब असा केला, की कवच नाही म्हणून पंच तुला आत सोडणार नाहीत. तू बाजारातलं सैल माउथगार्ड घालून उतरशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी तू घरी आलीस ती तोंडाला रुमाल लावून. तुझे पुढचे दोन दात मी बनवले. रंग सात वेळा जुळवून बघितला, चौतीस वर्षांत तसं काम हातून झालं नाही. आणि डॉक्टर ते बसवत असताना मी शेजारी उभं राहून म्हणालो, “मी सांगितलं होतं ना.”

त्या चार शब्दांसाठी तू घर सोडलंस असं आई समजते. कपाटातलं तिलाही माहीत नव्हतं. काल तिला सांगितलं. संध्याकाळी उशी धरायला आली, पण डोळे उघडे ठेवून उभी राहिली. मी मारू शकलो नाही.

ते सैल माउथगार्ड उडाल्यावर, तोंड रक्ताने भरलेलं असताना, तू पुढच्या दोन्ही फेऱ्या उभी राहून खेळलीस आणि जिंकलीस. हे मी तुझ्या बाईंकडून परवा ऐकलं. तू जिंकली होतीस का, हेही मी तुला सहा वर्षांत विचारलं नव्हतं.

माफी मागतो, ढबू. कारणं लिहिली, पण ती माफीसाठी नाहीत.

तुझा फोन आला की मी गॅलरीत जाऊन कुंड्या बघत बसतो, हे तुला ठाऊक आहे. कुंड्यांना एवढं पाणी लागत नाही. या रविवारी फोन मी उचलेन. बोललीस तरी चालेल, ओरडलीस तरी चालेल, नुसता धरून ठेवलास तरी मी आधी ठेवणार नाही. आणि केला नाहीस, तर त्याच्या पुढच्या रविवारी येईल तोही मीच उचलेन.

तू परवानगी देशील तोवर सही एवढीच करतो,

तुझ्या बाईंचा विद्यार्थी,
आणि तू म्हणशील तर,
तुझा बाबा