शक्यता एक्क्याण्णव टक्के

१० सप्टेंबर, सकाळी ११ (उठल्यावर लगेच)
आजपासून रोजनिशी. एमबीएच्या प्रवेशासाठी कॅटचा फॉर्म भरला. तिसरा प्रयत्न. पहिला सरावापुरता होता आणि दुसऱ्या वेळी पोट बिघडलं होतं, म्हणजे खरा पहिलाच.
टेबलासमोरच्या भिंतीवर तक्ता लावला : कॉलेज, कट-ऑफ, माझी शक्यता. अहमदाबाद ७८ टक्के, बंगलोर ८४. कुठेतरी टॉपला लागण्याची एकूण शक्यता ९१. आकडे मीच काढले, पण निष्पक्षपणे काढले.
वर्क एक्स्पीरियन्समध्ये लिहिलं, ‘फॅमिली बिझनेस, स्ट्रॅटेजी हेड, चार वर्षे’. वलगावला आमचं फुलांचं शेत आहे आणि अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर फुलांचं दुकान. मी दुकानात बसत नाही. स्ट्रॅटेजीवाले बसत नसतात.

१४ सप्टेंबर
अबोलीचाही फॉर्म भरून टाकला. धाकटी बहीण. बी.कॉम. झाली. पहाटे चारला उठून बाबांबरोबर दुकानात जाते आणि दुपारी आल्यावर माझी जुनी पुस्तकं चाळत बसते. तक्त्यात तुलनेला कोणीतरी हवं होतं. नुसत्या ९१ ला उठाव येत नाही.
तिची शक्यता : ३ टक्के. इंग्लिश कच्चं, पर्सनॅलिटी नाही, हातांना कायम झेंडूचा वास. ईमेल आणि मोबाइल नंबर माझाच दिला, तिला कोण कळवणार आहे? विसरायला नको म्हणून सगळे पासवर्ड, मेलचासुद्धा, तक्त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिले.
तिला आकडा दाखवला. तो बघून ती खोली झाडून गेली.

१२ ऑक्टोबर, दसरा
बाबा पहाटेच उशाशी उभे. म्हणाले, झेंडूच्या गोण्या उतरून राह्यल्या, हात कमी पडते, सालातून एक दिवस तरी ये. मी म्हणालो, आज माझी मॉक टेस्ट आहे. बाबा म्हणाले, तुयी टेस्ट दसऱ्यालेच कावून येते? पोळ्यालेबी होती.
त्यांच्या अशा बोलण्याने मूड गेला. टेस्ट दिली नाही.

१३ ऑक्टोबर
दिली. ३८ पर्सेंटाइल. कालच्या मनस्तापामुळे. सरासरीत धरणार नाही.
तीच टेस्ट अबोलीने दुकानात, गिऱ्हाइकं ओसरल्यावर मोबाइलवर दिली म्हणे. ९४. मोबाइलवर दिलेली धरत नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार
परीक्षा. सेंटर अकोला. एसटीने दोघं गेलो. एकच खिडकी मिळाली, ती मी घेतली. मेंदूला ऑक्सिजन लागतो. मूर्तिजापूरपर्यंत झोप लागली, हे आत्मविश्वासाचं लक्षण.
पेपर कठीण नव्हता. पण एसी नेमका डोक्यावर आणि माउस अडकणारा. शेजारचा मुलगा फार भराभर क्लिक करत होता. असं कोणी करत असलं की विचार करता येत नाही.
अबोलीला विचारलं, कसा गेला? म्हणाली, बरा गेला. ‘बरा’ म्हणणाऱ्यांचं काही खरं नसतं. डबा तिने आणला होता. खाल्ला.
सुधारित शक्यता : मी ८८, ती २.

१९ डिसेंबर
निकाल.
मला ५८. अबोलीला ९७.
तीनदा लॉगिन केलं. उलगडा झाला. दोघांचा मोबाइल नंबर एकच, त्यामुळे सिस्टिमने निकाल अदलाबदल केले. एवढ्या मोठ्या परीक्षेत हे होणारच. तक्रारीचा मेल लिहिला. पाठवला नाही, मोठ्या माणसांनी बारक्या चुका उकरू नयेत.
घरात म्हटलं, आपल्या घरात सत्त्याण्णव आले. हे खरं आहे. कोणाला ते आईने विचारलं नाही. तिने माझ्या तोंडात साखर घातली, संध्याकाळी गल्लीभर पेढे वाटले. बाबांनी गळ्यात दुकानातला हार घातला. कॉलर ओली झाली.
अबोलीला बाजूला घेऊन सांगितलं, तुझे अठ्ठावन्न. वाईट वाटून घेऊ नको, सगळ्यांना झेपत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. धक्का बसला असणार.

२८ जानेवारी
दोन मेल आले. एक मला : अकोल्याच्या बायपासवरचं कॉलेज, २२ फेब्रुवारीला इंटरव्ह्यू. तक्त्यात नव्हतं, आज घातलं. खाली बारीक अक्षरात ‘अर्ज केलेल्या सर्वांना’ असं आहे, ते बाकीच्यांसाठी.
दुसरा अबोलीला : नागपूरचं मोठं सरकारी कॉलेज. तीच तारीख.
पुष्कळ विचार केला. तिथे ती गेली, पाचजणांसमोर ततपप झालं, तर जन्मभर मनाला लागेल. शिवाय तो निकालच मुळात माझा. मेल कचऱ्यात टाकला. भाऊ म्हणून एवढं ओझं उचलावंच लागतं. आज जेवण जरा कमी गेलं.

२२ फेब्रुवारी
अकोला. कोट घालून गेलो. दोन सर आणि एक मॅडम. मॅडमनी फॉर्म पाहून विचारलं, फुलांचा धंदा का? मग ढिगातला कालचा झेंडू कसा ओळखता?
म्हणालो, डेटा ॲनालिटिक्सने.
तिघं एकमेकांकडे पाहून हसले. इंप्रेस झाले की माणसं हसतात. मॅडम म्हणाल्या, बरं, डेटा नसला तर? म्हणालो, मग सर्व्हे करीन. तिथेच इंटरव्ह्यू संपवला. पुढे विचारायला काही उरलंच नसणार. सात मिनिटं. शक्यता : ९९.
घरी आलो तर अबोली नाही. आई म्हणाली, सकाळीच गेली ना बा, नागपूरले, मावशीकडे. नवीन ड्रेस घालून गेली. करिअर नसलं की लोकांना मावश्या सुचतात.

९ मार्च
अकोल्याचा मेल. नाही म्हणतात. त्यांच्या आवाक्याबाहेरचा उमेदवार दिसल्यावर कॉलेजं घाबरतात, हे वाचलं होतं. आज अनुभवलं.
घरी सांगितलं, लिस्ट लांबली आहे.

१२ मे
लिहावंसं वाटत नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.
संध्याकाळी अबोलीने आई-बाबांना समोर बसवलं आणि एक पत्र वाचून दाखवलं. नागपूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. मावशीकडे मुक्काम होता, हे खरं होतं. इंटरव्ह्यूलाही गेली होती. निकाल लागला त्याच दिवशी तिने भिंतीवरचा पासवर्ड वाचून तो पाहिला, आणि मेल माझ्या कचऱ्यातून काढला. म्हणजे माझे सगळे मेल तिने वाचलेत. प्रायव्हसी नावाची गोष्ट असते.
मी लगेच उठून म्हणालो, फॉर्म कोणी भरला? मी. म्हणजे यश कोणाचं?
बाबा म्हणाले, अन् मंग मी हार कोनाच्या गळ्यात घातला होता बे?
आई उठून आत गेली. तिने गल्लीभर पेढे वाटले होते.
नंतर अबोलीला एकटीला गाठलं. मोठेपणाने म्हटलं, झालं ते झालं. आता तुला यातलं कळतं, तर सांग, पुढच्या वर्षी माझी शक्यता किती? ती दुकानात निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, दादा, शिल्या मालाचा भाव कोनी काढते का?
तिला सारखं धंद्याचंच सुचतं. कुठला माल, ते विचारायचं राहिलं. जेवलो नाही.

२० जून, पहाटे ४.५०
अबोली नागपूरला जाऊन चार दिवस झाले. तिच्याशिवाय दुकान बुडणार, हे उघड आहे. रात्री निर्णय घेतला : वर्षभर कॅट बाजूला ठेवून दुकान सांभाळायचं. हा त्याग आहे, पण घराला माझी गरज आहे. इथे काही चाळणी नाही, शक्यता शंभर टक्के.
चारला उठलो. आयुष्यात पहिल्यांदा. आंघोळ करून, कोट न घालता, बाहेर आलो. बाबा टेम्पोत गोण्या चढवत होते. म्हणालो, चला, मी येतो.
त्यांनी ओट्यावर पोतं अंथरलं आणि झेंडूचे दोन ढीग ओतले. म्हणाले, यातला कालचा कोनता, सांग.
मी खाली बसलो. दोन्ही पिवळे. दोन्ही ओले. वास घेतला. एक फूल उलटं करून पाहिलं, मग दुसरं. नीट विचार करून, आवाजात कॉन्फिडन्स ठेवून, डावीकडचा दाखवला.
बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दोन्ही ढीग वेगवेगळ्या गोण्यांत भरले, वर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाले, जा, झोप तू. चंदाबाईले सांगतलं हाये म्या, थे बसते आजपासून.
चंदाबाई म्हणजे देवळाबाहेर गजरे विकणारी म्हातारी. सही म्हणून अंगठा लावते. टेम्पोत पुढच्या सीटवर आधीच बसली होती. मला बघून जरा सरकली. मी चढणार असं तिला वाटलं असेल.
टेम्पो गेला. खोलीत येऊन तक्त्यासमोर बसलो आहे. खोली चार दिवस कोणी झाडलेली नाही.
दोनच ढीग होते. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी पन्नास टक्के शक्यता होती.