आखणीचा फोटो

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. ओरडणं मात्र लगेच आठवतं. नववीत होते मी. तुम्ही रोज रोह्याहून एसटीनं पेणला यायचात, विज्ञान शिकवायचात आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हा पाचजणींना फोटो काढायला शिकवायचात. शाळेचा कॅमेरा एकच, वरून डोकावून बघायचा. काचेत डावं-उजवं उलटं दिसायचं. एका रोलात बारा फोटो. माझी पाळी आली तेव्हा मी बाबांना सांगून टाकलं, "बाबा, तुमचा आखणी करतानाचा फोटो काढणार." बाबा गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, मूर्तींचे डोळे रंगवायचे, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "काढ गो बाय," ते म्हणाले, "पुढच्या साली आखणीला मला कोण बसवतंय? दिसतच नाय आता."

काढला, आणि पुढे घोळ घातला. आमच्या घरात नवं काही घडवलं की ते आधी सावलीत सुकवायचं, उन्हात ठेवलं तर तडे जातात, हे मला मुळाक्षरांच्या आधीपासून ठाऊक. फोटोही नुकताच काढलेला, म्हणजे ओलाच असणार! मी कॅमेरा उघडला, रोल ओढून सोडवला आणि पडवीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. वर शहाणपणा असा, की धूळ उडेल म्हणून आईला झाडू दिलं नाही. सोमवारी ती गुंडाळी हातात घेऊन तुम्ही कपाळावर हात मारलात. "अगो, सुकवायला तो काय पापड हाय? उजेड लागला, सगळं गेलं!" खाडीकडच्या तुम्ही, रागावलात की शाळेतली भाषा गळून पडायची. मग विचारलंत, काय होतं त्यावर. मी सांगितलं आणि भोकाड पसरलं. बाबांचा हा शेवटचा हंगाम होता, आणि त्यातल्याही मूर्ती संपत आल्या होत्या.

रविवारी तुम्ही स्वतःचा रोल घेऊन कारखान्यात हजर. डोळे नसलेली एकच मूर्ती उरली होती. आखणीच्या वेळी कारखान्यात कोणी बोलत नाही, शिंकसुद्धा दाबतात. मी दाराच्या उजेडात कॅमेऱ्यात डोकावतेय, तुम्ही माझ्यामागे. काचेत बाबा डाव्या हातानं रंगवतायत. हात थरथरतोय. ते श्वास रोखतात, हात थांबतो, ब्रश टेकतो, आणि तोवर जी नुसती रंगवलेली माती होती ती माझ्याकडे बघायला लागते. जन्मापासून बघत आलेली गोष्ट, पण त्या काचेत पहिल्यांदा दिसली. अंगावर काटा आला. माझं बोट तसंच राहिलं, बटण दाबायचं भानच गेलं. मागून तुमचा हात आला आणि खटका वाजला.

प्रयोगशाळेमागच्या खोलीत, लाल दिव्याखाली, तुम्ही कोरा कागद औषधाच्या पाण्यात बुडवलात. "हलवत राहा," म्हणालात. मी हलवत राहिले. बराच वेळ काही नाही. मग पांढऱ्यावर आधी दोन काळे ठिपके आले, मूर्तीचे डोळे. मग बाबांचे केस, आणि सगळ्यात शेवटी त्यांचा चेहरा. देवळात कधी जोडले नसतील असे हात मी तिथे जोडले, औषधानं चिकट झालेले. तुम्ही हसला नाहीत, हे विशेष.

बाबांनी फोटो अगदी नाकाशी धरून पाहिला. "हा तू काढलास?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "व्हय, तुमच्या लेकीनंच." ते जाईपर्यंत अख्ख्या पेणला सांगत सुटले, लेकीनं काढला. मी कधी नाही म्हटलं नाही. हे पत्र रोह्याला टाकलं तरी तिथे आता वाचायला कोण आहे? पण काल नातीनं भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघून विचारलं, "आजी, खरंच तू काढलास?" मी म्हटलं, "व्हय, मीच." उद्या विचारलं तरी हेच सांगणार आहे, बाई.